ताईचा मे महिना

ताई, परवा तुझ्या तेरवीच्या पंगतीत सगळे तुझ्या हट्टाबद्दल बोलत होते आणि मी खाली मान घालून बुंदी खात होतो. तुझी चुलतजाऊ म्हणाली, "बाईनं कोणाचंच आयकलं नाही. बागेले आंबिया म्हंजे आंबिया." पलीकडून कोणीतरी नशिबाला बोल लावला. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तिनं एकदा मनात घेतलं का मंग कोणाची ताकत होती?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी प्यायला पाणी मागितलं.

तू गेलीस याचं दुःख आहेच. पण माझी चूक तुझ्या नावावर खपते आहे आणि मी ती खपू देतो आहे, ही लाज त्या दुःखाला नीट बसूसुद्धा देत नाही. रडायला लागलो की वाटतं, हा कोणाला दाखवायला रडतो आहे? म्हणून आज तुझ्याच ओसरीवर बसून तुला लिहितो आहे. जिवंतपणी तुला चार ओळी लिहायचा मला कंटाळा. "हापिसात दिवसभर टाइप करते, अन् बहिणीले लिवाले हात दुखते काय गा?" असं तू विचारायचीस. हात दुखत नव्हते, ताई. आळस होता.

मला तू आठवतेस ती मे महिन्यातली. सावनेरजवळच्या या बागेत संत्र्याची अडीचशे झाडं, आणि भाऊजींच्या वडिलांपासून तुम्ही मृग बहार धरणारे. एप्रिल सरता सरता झाडांचं पाणी तोडायचं, महिनाभर त्यांना ताण द्यायचा, पानं कोमेजू द्यायची. मग जूनमध्ये मृगाचं पाणी पडलं की ते उपाशी झाड फुलून येतं. हे मला तूच शिकवलंस, कागदावर मी फार नंतर वाचलं. ताणाच्या त्या महिन्यात बागेत काही काम नसे. मोटर बंद, फावडं कोपऱ्यात, आणि तू ट्रंक घेऊन नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत हजर. "अकरा महिने तुह्या भाऊजीचे, मे महिना माहा," असं दारातूनच जाहीर करायचीस.

मी चिडवायचो, की उन्हाळ्यात लोक नागपूर सोडून पळतात आणि तू नागपुरात हवा खायला येतेस. तू म्हणायचीस, "ऊन तिकडंही तेच हाय. पण तिकडं मले कोणी झोपू देते काय?" आमच्या पत्र्याच्या कूलरची तुला भारी गंमत वाटे. वाळ्याच्या ताट्यांवर मी बादलीनं पाणी ओतायला लागलो की तू कपाळाला हात लावायचीस. "वाऱ्याले पाणी पाजता तुम्ही लोकं!" आणि मग त्याच वाऱ्यात बारा ते चार अशी झोपायचीस की दाराची कडी वाजली तरी हलायची नाहीस. माझी बायको सुशीला तुझ्यासाठी आवाज न करता भांडी घासायची. चार वाजता तू उठलीस की तुम्हा दोघींची स्वारी गांधीबागेत. दहा दुकानं पालथी घालून एका पोलक्याचं कापड आणायचं, आणि घरी आल्यावर त्याचा रंगच आवडला नाही म्हणून हळहळायचं. दोन तास पापड लाटले की तुझा हिशेबी चेहरा पुरता सैल व्हायचा. त्या महिनाभरात तू मला माझ्यापेक्षा लहान वाटायचीस.

माझ्या नोकरीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. शेतकऱ्यांसाठी सल्ल्याची पत्रकं काढणाऱ्या कचेरीत मी टंकलेखक. संत्रं, कापूस, तूर, जे साहेब लिहून देतील ते मी टाइप करतो. पण तुमच्या गावात मी 'शेतीचा साहेब'. तूच तसं सांगत सुटली होतीस, आणि मी कधी दुरुस्ती केली नाही. एकटे भाऊजी मला ओळखून होते. मी बागेच्या बांधावर उभा राहून काही बोलायला लागलो की ते विडी पेटवत म्हणायचे, "आले आमचे उंटावरचे शहाणे." तुला राग यायचा. मला वरवर हसू आणि आतून झोंबायचं.

मग ती तीन वर्षं आली. पहिल्या वर्षी मृग पंधरा दिवस उशिरा आला. दुसऱ्या वर्षी वेळेवर आला, झाडं फुलली, आणि पुढे तीन आठवडे थेंब नाही, फुलं बुंध्याभोवतीच्या आळ्यांत गळून पडली. तिसऱ्या वर्षी भर मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला आणि झाडांचा ताण अर्ध्यातच मोडला. बहात्तर सालापासून पावसाचं तंत्र बिघडलं, असं गावात जो तो म्हणत होता. तू त्या तिसऱ्या मे महिन्यात आमच्याकडे होतीस. नागपुरातही तो पाऊस पडत होता. तू खिडकीशी उभी राहून म्हणालीस, "माही झाडं जागी झाली असतीन."

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, ते मिटलं नाही. मी म्हणत होतो, "ताई, ऋतूच बदलून राहिले. मृगाच्या भरवशावर आता बाग राहत नाही. तुम्ही आंबिया धरा." आंबिया म्हणजे डिसेंबरात ताण, जानेवारीत पाणी आणि दिवाळीच्या सुमारास फळ. आभाळाकडे बघत बसणं नको. तू मान हलवायचीस. "पाऊस बदलला नाही गा, रुसला हाय. रुसलेलं माणूस येते वापस."

"अन् नाही आलं तं?"

यावर तू गप्प बसलीस. मला वाटलं, मी जिंकलो. आता वाटतं, तू तेव्हा खरोखर विचार करत होतीस, आणि आपल्या दोघांत ते काम करणारी तू एकटीच होतीस.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आंबिया बहाराचं पत्रक घेऊन आलो. माझ्याच हातचं टाइप केलेलं. तुला वाचता येत होतं, पण तू म्हणालीस, "तूच वाच. छापील बोलणं तुह्या तोंडी शोभते." मी वाचत गेलो. "उन्हाळ्यात पाण्याची खात्रीशीर सोय असल्यासच हा बहार घ्यावा," या ओळीवर तू बोट वर केलंस.

"थांब. खात्रीशीर म्हंजे कितीक?"

ताई, हा शब्द मी शेकडो वेळा टाइप केला असेल. खात्रीशीर बियाणं, खात्रीशीर पाणी, खात्रीशीर बाजारपेठ. तो शब्द वाक्यात असला की वाक्य लिहिणाऱ्याची खात्री होते, एवढंच मला त्याबद्दल माहीत होतं. मोटर किती तास, विहिरीत पाणी किती हात, यातलं त्या कागदावर काही नव्हतं. ज्यांनी तो मजकूर लिहिला ते साहेब माझ्या शेजारच्या खोलीत बसत. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण तू माझ्याकडे अशी बघत होतीस की मला 'विचारून सांगतो' म्हणवेना. साहेब कधी विचारून सांगतो का?

मी म्हणालो, "खात्रीशीर म्हंजे नियमित. तुमच्या विहिरीचं होऊन जाईन."

"तू म्हणते तं ठीक," तू म्हणालीस.

माझा हेतू वाईट नव्हता. चौथ्या वर्षीही मृग बुडाला तर तुमचं काय होईल, या काळजीनं मी खरंच अस्वस्थ होतो. पण हेतूनं विहीर भरत नाही. जाताना तू बसस्टँडवर मला बजावलंस, "भाऊजीले सांगू नको तू सांगितलं म्हणून. तुहं नाव काढलं का ते आयकाचे नाहीत. मी म्हणीन, माह्याच मनात आलं." मी हसलो आणि तुझी ट्रंक बसच्या टपावर चढवून दिली. मनातून मला बरंच वाटलं होतं.

पहिल्या वर्षी आंबिया साधला, हे मला विसरता येत नाही, कारण माझी बाजू तेवढीच आहे. दिवाळीच्या आधी तू टोपलीभर संत्री पाठवलीस. पातळ सालीची, रसानं जड. मी ती ऑफिसात वाटली, आणि साहेबांनाही दोन दिली. तेव्हा जर त्यांनी विचारलं असतं, 'उन्हाळ्यात पाणी कसं पुरवलं?' तर मला सांगता आलं नसतं. मी तुला विचारलंच नव्हतं.

त्याच वर्षी मे महिन्यात तू आली नव्हतीस. तुझं कार्ड आलं होतं: "यंदा येणं होत नाही. आंबियाची फळं झाडावर हायेत, आवळ्याएवढी. आता पाणी तोडता येत नाही. झाडाले सुटी नाही तं मलेही नाही. पापड सुशीलेनं आपलेच लाटून घ्यावे." मी सुशीलेला म्हणालो, ताई आता बागाईतदारीण झाली, आपल्याला कशाला विचारते. रागावून म्हणालो होतो, ताई. दुपारी कूलर लावला की तुझी चटई पसरायची जागा मोकळी दिसायची, त्याचा राग होता. पण मला कळलं नाही. मृगाच्या रीतीत झाड ज्या महिन्यात निजायचं त्याच महिन्यात तूही निजायचीस, आणि मी झाडाची रीत बदलायला सांगितली तेव्हा तुझीही झोप काढून घेतली, हे इतकं समोर असून माझ्या डोक्यात आलं नाही. पत्रकात आंबियाचे फायदे होते, खबरदारीचे मुद्दे होते. तुझा मे महिना त्यात कुठंच नव्हता.

यंदा मार्चअखेर विहिरीनं तळ दाखवला. आत बोअर मारून पाहिलं, त्यानं थोडं भागलं. सकाळी तासभर मोटर चालली की विहीर कोरडी, मग झरे पाझरून दुपारी एक-दीडपर्यंत पुन्हा तासाभराचं पाणी जमायचं. सकाळचं ओलीत भाऊजींचं आणि दुपारचं तुझं, अशी वाटणी होती म्हणे. दुपारचं तुझ्याकडेच का, हे मला काल कळलं. ते पुढे सांगतो.

एप्रिलमध्ये तू डोळे दाखवायला एक दिवस नागपूरला आली होतीस. तुला पाहून सुशीला दचकली. तू काळवंडली होतीस, तळहाताला भेगा पडल्या होत्या. तिनं तुझी चटई पसरली, पण तू आडवी झाली नाहीस. कूलरसमोर पाय जवळ घेऊन बसलीस. ती चहा करायला आत गेली तेव्हा तू हळूच विचारलंस, "बंडू, ते खात्रीशीरचं तू कोणाले विचारलं होतं काय गा?"

मी म्हणालो, "हो. साहेबांले विचारलं होतं."

"मंग ठीक हाय," तू म्हणालीस. "मले वाटलं, आपल्यालेच पुरवता येऊन नाही राहिलं."

ताई, पहिल्या वेळी मी अज्ञानानं बोललो होतो. या वेळी खोटं बोललो. तू मला त्यातून सुटायची वाट काढून दिली होतीस, आणि मी ती तुझ्या तोंडावर बंद केली. मी 'नाही' म्हटलं असतं, तर कदाचित तू भाऊजींना सांगितलं असतंस, दोघांनी अर्ध्या झाडांची फळं पाडून टाकली असती, ओलीत निम्म्यावर आलं असतं. कदाचित. पण तू माझं उत्तर घेऊन परत गेलीस आणि विहिरीचा दोष स्वतःच्या कष्टांना लावलास. तो आपला शेवटचा चहा. साखर कमी पडली म्हणून तू सुशीलेला टोमणा मारलास, एवढंच त्यातलं मला सुखानं आठवता येतं.

तू गेलीस त्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला. तू एका झाडाच्या बुंध्याशी बसलेली सापडलीस. हातात फावडं होतं आणि आळं भरून पाणी बाहेर वाहत होतं. रस्त्यानं जाणारा कोळशाचा ट्रक थांबवून तुला सावनेरला नेलं. मी बसनं पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुझ्या पायांवर चिखल वाळला होता आणि पदराच्या गाठीत ऊन लागू नये म्हणून बांधलेला कांदा होता. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मला तो कांदा सोडून घ्यायलाही हात उचलवेना.

तेव्हापासून मी स्वतःचीच वकिली करतो आहे. मृग धरून बसली असतीस, तर तीन वर्षांसारखीच पुढची तीन गेली असती आणि बाग तोडावी लागली असती. बाग तुटली असती, तर या वयात तू दुसऱ्याच्या शेतात उन्हात राबली असतीस. ऊन दरवर्षी कोणाला ना कोणाला नेतंच. हे सगळं खरं असू शकतं. बदललं नसतं तर काय गेलं असतं ते कोणी सांगू शकत नाही, आणि बदलल्यामुळे काय गेलं ते मी तिरडीवर पाहिलं. माझी वकिली इथपर्यंत येते आणि मग मला एप्रिलमधला तो 'हो' ऐकू येतो.

आज मृगाला चार दिवस उरले आहेत. आभाळ पांढरं आहे. गावातले लोक वर बघतात तसा मीही बघतो, पण काय मागावं ते मला कळत नाही. मृग वेळेवर आला, तर तुझं खरं ठरेल. पाऊस रुसलाच होता, तो परत आला, आणि मी तुला फुकट घालवलं. नाही आला, तर माझं खरं ठरेल. ताई, मला माझं खरं व्हायला नको आहे. पण तुझं खरं ठरलेलंही मला सोसवणार नाही. सगळं शिवार पाण्यासाठी हात जोडतंय आणि मी त्यात माझी सुटका शोधतोय, इतका मी लहान माणूस आहे.

काल सकाळी भाऊजींबरोबर बागेत गेलो. तेरा दिवस शेजाऱ्यांनी आळीपाळीनं ओलीत केलं होतं, आता ते आपापल्या कामाला लागले. झाडांवर हिरवी फळं होती, काही खाली गळलेली. भाऊजी विहिरीच्या काठावर बसले, विडी काढली, पण पेटवली नाही. मी उभ्यानंच सांगायला लागलो. आंबिया तुझ्या मनातून नव्हे, माझ्या तोंडून आला होता, हे सांगितलं. खात्रीशीरचा अर्थ मला माहीत नव्हता, हेही. शेवटी एप्रिलमधलं. मला वाटलं, आता ते उठून माझ्या मुस्काटात मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी न पेटवलेली विडी पुन्हा खिशात ठेवली. मग म्हणाले, "मले वाटे, तिचंच खूळ हाय. म्हणून मी तिले म्हटलं होतं, तुहा आंबिया, दुपारचा तूच ओल. गमतीत म्हटलं. तिनं ते धरूनच ठेवलं." त्यांनी विहिरीत पाहिलं. "मी खाटेवर पडलो राहो, बंडू. ती जाय."

तू माझं नाव झाकलंस, म्हणून ते खूळ तुझं झालं. खूळ तुझं, म्हणून दुपारही तुझी. आम्हा दोघांच्या मध्ये तू उभी होतीस, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

"आता सांग," भाऊजी म्हणाले. "ओलीत चालू ठेवू, का फळं पाडून झाडं मोकळी करू? चार-पाच दिवसांत पाणी आलं तं निभावते. नाही आलं तं विहीरही जाईन अन् झाडंही जातीन. तू काय म्हणते?"

तोच प्रश्न, तीच विहीर. या वेळी मी म्हणालो, "मले माहीत नाही, भाऊजी. खरंच माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "मलेही माहीत नाही. चाल मंग, दोघं मिळून चुकू."

आम्ही तासभर पाणी दिलं. त्यांनी पाण्याचा दांड सांभाळला, मी झाडांची आळी. ताई, चूक तर कोणाच्याही हातून होते. मी तुला एकटीला चुकू दिलं.